बाजाराला न सुचणारे प्रश्न
(प्रस्तावना)

लाखोळीची डाळ रोज खाल्ली तर पाय जातात, हे खरे की खोटे? खरे असेल तर किती खाल्ल्यावर, किती महिन्यांनी आणि कोणाचे? प्रश्न साधा दिसतो. उत्तर काढायचे म्हटले की गावोगाव माणसे पाठवावी लागतात, घरोघरी ताटात किती डाळ पडते ते मोजावे लागते, काठी टेकत चालणाऱ्यांना तपासावे लागते आणि डाळीतले विष प्रयोगशाळेत वेगळे काढून ओळखावे लागते. यात वर्षे जातात आणि पैसा जातो. तो कोण देणार? गेलेले पाय परत आणणारे औषध नाही, म्हणजे औषध कंपनीला यात विकण्यासारखे काही नाही. डाळीच्या व्यापाऱ्याला या उत्तराची गरज नाही. आणि ज्याचे पाय गेले तो शेतमजूर. त्याच्याकडे संशोधनाला द्यायला काय असणार?

असे प्रश्न सार्वजनिक पैशातूनच विचारले जातात. आपल्या देशात हे काम मुख्यतः भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेकडे, म्हणजे आयसीएमआरकडे आहे. कोरोनाच्या काळात हे नाव घराघरात पोहोचले, पण ते तपासण्या आणि आकडे यांच्यापुरतेच. या पुस्तिकेत परिषदेची रचना, तिच्या संस्था, अनुदानाची रीत हे सगळे क्रमाने आले आहे. ते इथे पुन्हा सांगत नाही. छत्तीसगड आणि विदर्भ या आपल्या पट्ट्यातल्या ताटापर्यंत, नळापर्यंत, क्षयाच्या खाटेपर्यंत ही परिषद कशी येऊन पोहोचली, तेवढे या प्रस्तावनेत सांगायचे आहे.

लाखोळीपासून सुरुवात केली त्याला कारण आहे. रायपूरच्या पुरानी बस्तीतल्या मराठी घरांना हे पीक दोन नावांनी माहीत आहे. भंडारा-गोंदियाकडची माणसे लाखोळी म्हणतात, इथे रायपुरात तिवरा. भोसल्यांच्या राजवटीपासून आपली घरे या भागात येऊन वसली. तात्यापारा आहे, वामनराव लाखे यांच्या नावाचे लाखेनगर इथून हाकेच्या अंतरावर आहे. इथे राहिलेल्या कोणाही माणसाने हिवाळ्यात बाजारात तिवऱ्याच्या कोवळ्या पाल्याच्या जुड्या पाहिल्या असतील आणि ती भाजी खाल्लीही असेल. दाण्याची गोष्ट वेगळी. तिवऱ्याचा दाणा हरभऱ्यासारखा गोल नसतो. चौकोनी, आणि एका बाजूला उतरती कड, कुऱ्हाडीच्या पात्यासारखी. डाळ भरडली की रंग तूर किंवा चणाडाळीच्या इतका जवळ जातो की पोत्यात मिसळली तर पटकन कळत नाही. मूठभर डाळ पांढऱ्या कागदावर पसरून उजेडात धरली तर त्या तिरक्या कडा दिसतात. बेसन दळल्यावर तीही खूण उरत नाही. स्वस्त डाळ महाग डाळीत मिसळण्याचा धंदा चालतो तो याच जोरावर.

शेतकऱ्याला तिवरा का हवा असतो, तेही समजून घेतले पाहिजे. धान उभे असतानाच, कापणीच्या आधी, चिखलात बी फेकायचे. याला उतेरा म्हणतात. नांगरट नको, खत नको, पाणी नको. जमिनीत उरलेल्या ओलीवर पीक येते. पाऊस दगा देतो त्या वर्षी बाकी सगळे जाते आणि तिवरा उरतो. आणि नेमक्या अशाच वर्षी माणसे दोन्ही वेळा तोच खातात. विपत्तीत जगवणारे धान्यच विपत्तीत पांगळे करते, हा या रोगाचा सगळ्यात क्रूर भाग आहे. इंग्रज अधिकारी कर्नल स्लीमन याने १८४४ मध्ये छापलेल्या आपल्या पुस्तकात सागर भागातल्या एका गावाची हकीकत दिली आहे: गहू बुडाला, लोकांनी तिवऱ्यावर दिवस काढले आणि गावातल्या तरुण पोरांपैकी निम्म्यांचे पाय गेले. विंध्य प्रदेशात, रीवा भागात, पुढे शंभर वर्षांनीही मजुरी या डाळीतच दिली जात होती आणि तिथली तरणीताठी माणसे आधी एका काठीवर, मग दोन काठ्यांवर आणि शेवटी हातांवर सरपटत येत होती. डोके शाबूत, हात शाबूत. फक्त कमरेखालचे शरीर ताठ.

१९६१ मध्ये केंद्राच्या अन्नभेसळ नियमांनी या डाळीच्या विक्रीवर बंदी घातली. गंमत नव्हे, खेद वाटावा अशी गोष्ट म्हणजे विष नेमके कोणते हे त्यानंतर कळले. १९६४ मध्ये बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत एस. एल. एन. राव, पी. आर. अडिगा आणि पी. एस. शर्मा यांनी ते ओळखले: ओडॅप नावाचे एक अमिनो आम्ल, जे मज्जातंतूंना इजा करते. परिषदेच्या हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने रीवा भागात पाहण्या केल्या. भरपूर पाण्यात डाळ उकळून ते पाणी फेकून दिले तर विष बरेच उतरते हे दाखवले. त्याबरोबर जीवनसत्त्वेही जातात हेही सांगितले. बंदीने पीक मात्र थांबले नाही. नागपूरचे डॉ. शांतिलाल कोठारी बंदीविरुद्ध वर्षानुवर्षे लढत राहिले, उपोषणे केली. गरिबाची प्रथिने हिरावून घेऊ नका, असे त्यांचे म्हणणे होते. दुसऱ्या बाजूला पोषणतज्ज्ञ म्हणत होते की एकही माणूस पांगळा होऊ नये एवढी खात्री झाल्याशिवाय ही डाळ मोकळी सोडता येणार नाही. दोन्ही बाजूंची तळमळ खरी होती.

हा वाद भाषणांनी सुटण्यातला नव्हता. पोषण संस्थेच्या माणसांनी गोंदिया जिल्ह्यातल्या गावांत जाऊन लोक किती लाखोळी खातात आणि नवे रुग्ण आहेत का हे पाहिले. छत्तीसगडमध्येही तसेच पाहिले. इकडे आपल्या रायपूरच्या इंदिरा गांधी कृषी विद्यापीठाने कमी ओडॅपचा वाण काढला, त्याचे नाव महातिवरा. पुढे परिषदेच्या तज्ज्ञ समितीने रतन, प्रतीक आणि महातिवरा या तीन वाणांना अनुकूल मत दिले. शिफारस म्हणजे कायदा नव्हे. कायद्याचा निर्णय अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा. पण पन्नासहून अधिक वर्षांच्या भांडणात पहिल्यांदा बोलणे ‘डाळ चांगली की वाईट’ यावरून ‘कोणता वाण, किती विष, किती खाणे’ यावर आले. संशोधनाला पैसा देणाऱ्या संस्थेचे काम मी याला म्हणतो. तिने कोणाची बाजू घेतली नाही, मोजून दाखवले.

ही परिषद जन्मली तीही आपल्याच मुलखात. १८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला. जंतुशास्त्रज्ञ हाफकिन यांनी १८९७ च्या जानेवारीत लस तयार करून आधी स्वतःला टोचून घेतली. परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाउसमध्ये प्लेगची प्रयोगशाळा गेली आणि पुढे तिलाच हाफकिन यांचे नाव मिळाले. त्याच प्रयोगशाळेत १५ नोव्हेंबर १९११ रोजी इंडियन रिसर्च फंड असोसिएशनच्या नियामक मंडळाची पहिली बैठक भरली, हारकोर्ट बटलर यांच्या अध्यक्षतेखाली. १९१३ मध्ये तिची संशोधन पत्रिका निघाली, ती आजही निघते. स्वातंत्र्यानंतर १९४९ मध्ये या असोसिएशनचे नाव बदलून भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषद झाले आणि पहिले संचालक होते डॉ. चिंतामण गोविंद पंडित. १९६४ पर्यंत त्यांनी हे पद सांभाळले. पुण्याची विषाणू प्रयोगशाळा १९५२ मध्ये रॉकफेलर फाउंडेशनच्या साहाय्याने उभी राहिली ती त्यांच्याच काळात. आज या माणसाचे नाव मराठी शाळेच्या कुठल्या पुस्तकात मला दिसत नाही, दिसायला हवे.

परिषदेचा पैसा दोन वाटांनी जातो. एक वाट तिच्या स्वतःच्या संस्थांकडे. पुण्याची राष्ट्रीय विषाणू संस्था, मुंबईची प्रतिकार-रक्तशास्त्राची संस्था, चेन्नईची क्षय संस्था, जबलपूरची आदिवासी आरोग्याची संस्था अशा पंचवीसहून अधिक संस्था देशभर आहेत. दुसरी वाट बाहेरची: कोणत्याही वैद्यकीय महाविद्यालयातला, विद्यापीठातला किंवा मान्यताप्राप्त स्वयंसेवी संस्थेतला संशोधक प्रस्ताव पाठवू शकतो, तज्ज्ञ तो तपासतात, पसंत पडला तर अनुदान मिळते. दुसऱ्या वाटेची माहिती आपल्याकडे कमी आहे. म्हणून तिची सगळ्यात चांगली हकीकत सांगतो. ती छत्तीसगडमध्येच सुरू होते.

बिलासपूरच्या पलीकडे गनियारी नावाचे गाव आहे. तिथे दिल्लीच्या एम्समध्ये शिकलेल्या काही डॉक्टरांनी जन स्वास्थ्य सहयोग हे रुग्णालय उभे केले. क्षयाचे रुग्ण येत. डॉ. अनुराग भार्गव आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्यांची वजने नोंदवून ठेवली होती, आणि २०१३ मध्ये ती प्रसिद्ध केली. सतराशेच्या आसपास रुग्ण. पुरुषांचे मध्यम वजन ४२ किलो. बायकांचे ३४ किलो. चौतीस किलो म्हणजे आपल्याकडच्या दहा-अकरा वर्षांच्या धडधाकट मुलीचे वजन, आणि ही बाई शेतात राबणारी, दोन-तीन मुलांची आई. गनियारीच्या डॉक्टरांनी प्रश्न विचारला: ही माणसे क्षयामुळे वाळली, की वाळलेली होती म्हणून क्षयाने धरली?

हा प्रश्न परिषदेला सहज रुचणारा नव्हता, कारण तिच्याच इतिहासाशी तो भिडत होता. १९५६ मध्ये परिषद, मद्रास सरकार, जागतिक आरोग्य संघटना आणि ब्रिटनची वैद्यकीय संशोधन परिषद यांनी मद्रासला क्षय-औषधोपचार केंद्र काढले होते. तिथे सुमारे दोनशे रुग्णांची दोन गटांत विभागणी केली. निम्मे सॅनेटोरियममध्ये: विश्रांती, दूध, अंडी. निम्मे आपापल्या खोल्यांत, आपल्या गरिबीत, औषधे घेऊन. वर्षभराने दोन्ही गट जवळपास सारखेच बरे झाले. या निकालाने जगभरची सॅनेटोरियमे बंद होण्याची वाट उघडली. मिरजेजवळच्या वानलेसवाडीचे किंवा आपल्या पेंड्रारोडचे सॅनेटोरियम ज्यांनी पाहिले आहे त्यांना कळेल हे केवढे मोठे काम होते: रुग्णाला घर सोडावे लागणार नाही, संसार मोडणार नाही. पण त्या निकालाची एक सावली मागे राहिली. औषध असेल तर खाण्याने फारसा फरक पडत नाही, असा अर्थ त्यातून घेतला गेला आणि क्षयाच्या कार्यक्रमातून अन्न जवळजवळ बाहेर गेले. औषधे घेणारा रुग्ण घरी राहूनही सॅनेटोरियमइतका बरा होतो का, हा त्या प्रयोगाचा मुख्य प्रश्न होता. भुकेल्या घराला पुरेसे खायला दिले तर दुसऱ्या माणसाचा क्षय टळेल का, हे त्याने विचारलेच नव्हते.

साठ वर्षांनी तो प्रश्न परिषदेने विचारला. झारखंडच्या चार जिल्ह्यांत, २०१९ ते २०२२ या काळात, परिषदेच्या पैशाने आणि त्याच मद्रास केंद्रातून वाढलेल्या चेन्नईच्या संस्थेच्या सहभागाने ‘रेशन्स’ नावाचा अभ्यास झाला. रुग्ण २,८००, त्यांच्या घरातली माणसे १०,३४५. सगळ्या रुग्णांना दरमहा शिध्याची पिशवी. अर्ध्या भागातल्या घरच्या माणसांनाही माणशी पाच किलो तांदूळ, दीड किलो डाळ आणि जीवनसत्त्वांच्या गोळ्या. बस, एवढेच. ऑगस्ट २०२३ मध्ये ‘लॅन्सेट’ समूहाच्या नियतकालिकांत निष्कर्ष आले: ज्या घरांत सगळ्यांना शिधा मिळाला तिथे नव्या क्षयाचे प्रमाण ३९ टक्क्यांनी कमी झाले, आणि थुंकी वगैरे तपासून जंतू सिद्ध झालेल्या फुप्फुसाच्या क्षयाचे सुमारे ४८ टक्क्यांनी. ज्या रुग्णाचे वजन पहिल्या दोन महिन्यांत पाच टक्के वाढले त्याच्या मृत्यूची शक्यता ६१ टक्क्यांनी घटली. साधारण तीस घरांना शिधा दिला की एक नवा क्षयरुग्ण टळतो. २०२४ च्या अखेरीस केंद्र सरकारने क्षयरुग्णांसाठीच्या निक्षय पोषण योजनेतली दरमहाची रक्कम ५०० वरून १,००० रुपये केली.

डाळ-भाताचा क्षयावर परिणाम तपासायला जगातली कोणतीही कंपनी पैसे देणार नव्हती. आणि ज्या संस्थेने एक उत्तर काढून नाव कमावले तिनेच त्या उत्तराची उरलेली बाजू शोधायला पैसा द्यावा, यात मला परिषदेचा मोठेपणा दिसतो. उशीर झाला, हेही तितकेच खरे. साठ वर्षांत किती घरे त्या सावलीत राहिली याचा हिशेब कोणी मांडलेला नाही.

पाण्याबद्दल थोडक्यात. १९५५-५६ मध्ये दिल्लीत यमुनेच्या पाण्यात मैला मिसळला आणि सुमारे २९,००० लोकांना कावीळ झाली. तेव्हा विषाणू ओळखता येत नव्हता, पण रुग्णांच्या रक्ताचे नमुने जपून ठेवले गेले. पंचवीसएक वर्षांनी ते तपासले तेव्हा ही नेहमीची ‘अ’ कावीळ नव्हे हे कळले, आणि पुढे पुण्याच्या विषाणू संस्थेच्या कामातून अशा अनेक जुन्या साथी ‘ई’ काविळीच्या होत्या हे पक्के झाले. शीतपेटीत ठेवलेल्या त्या नळ्यांचा खर्च दरवर्षी कोणीतरी मंजूर करत होते. रायपुरात २०१४ मध्ये आणि पुन्हा २०२० च्या टाळेबंदीत कावीळ पसरली. पुरानी बस्तीत ज्यांच्या दारात नळाचा पाइप नालीतूनच घरात शिरतो त्यांना ‘ई’ कावीळ कशी येते हे वेगळे सांगायला नको. गरोदर बाईला ती जिवावर बेतते. इथे विज्ञानाने आपले काम केले आहे. पाइप नालीबाहेर काढणे हे महापालिकेचे काम आहे.

परिषदेचे दोष झाकून ही प्रस्तावना लिहिता येणार नाही. भोपाळची वायुदुर्घटना झाली तेव्हा रायपूर मध्य प्रदेशातच होते. परिषदेने १९८५ पासून तिथे मोठे अभ्यास हाती घेतले आणि १९९४ मध्ये ते आटोपले. त्यांचा लोकसंख्येवर आधारित दीर्घकालीन अहवाल छापून आला २००४ मध्ये. दहा वर्षे. ज्यांच्या फुप्फुसांची ती मोजणी होती त्यांना ती हवी होती तेव्हा मिळाली नाही. २०२० च्या जुलैत कोरोनावरची स्वदेशी लस १५ ऑगस्टपर्यंत आणण्याविषयीचे परिषदेचे पत्र बाहेर आले आणि देशभरच्या वैज्ञानिकांनी त्या घाईला हरकत घेतली. ती हरकत रास्त होती. याच्या मुळाशी एक रचनेचा प्रश्न आहे. परिषदेचे महासंचालक हेच केंद्राच्या आरोग्य संशोधन विभागाचे सचिव असतात. पैसा देणारा, स्वतः संशोधन करणारा आणि सरकारला सल्ला देणारा एकच असला तर ‘थांबा, अजून पुरावा नाही’ असे सरकारला ठणकावून कोण सांगणार? माझ्या मते संशोधनाचा पैसा वाटणारे मंडळ सचिवालयापासून वेगळे असले पाहिजे. या पुस्तिकेतल्या काही लेखकांना हे मान्य नाही. त्यांची बाजू त्यांनी मांडली आहे, वाचकाने ती जरूर वाचावी.

दुसरी उणीव आपल्या बाजूची आहे. गनियारीसारखा प्रश्न गनियारीतूनच सुचतो, दिल्लीत सुचत नाही. रायपुरात १९६३ पासून वैद्यकीय महाविद्यालय आहे, त्याचे मेकाहारा रुग्णालय आहे, २०१२ पासून एम्स आहे, सिकलसेलची स्वतंत्र संस्था आहे. सिकलसेल इथल्या साहू, कुर्मी, गोंड घरांत किती आहे हे इथल्या प्रत्येक डॉक्टरला ठाऊक आहे. विदर्भातल्या चंद्रपूरला मुंबईच्या प्रतिकार-रक्तशास्त्र संस्थेचे याच कामाचे केंद्र आहे. १ जुलै २०२३ रोजी शहडोलला सिकलसेल निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम सुरू झाली आणि २०४७ पर्यंतचे लक्ष्य ठेवले गेले. एवढे सगळे हाताशी असताना इथून जाणारे प्रस्ताव वाढले पाहिजेत. परिषदेची वैद्यकीय विद्यार्थ्यांसाठी अल्पकालीन शिष्यवृत्ती १९७९ पासून आहे. दोन महिन्यांत एक छोटा प्रश्न घ्यायचा आणि मार्गदर्शकाच्या हाताखाली पुरा करायचा. आपल्या महाराष्ट्र मंडळात दरवर्षी एमबीबीएसला लागलेल्या मुलांचे सत्कार होतात. त्या व्यासपीठावरून या शिष्यवृत्तीची माहिती दिली तर पुरानी बस्तीचे पाणी, तिवऱ्याची भाजी, रात्रपाळीच्या कामगारांचा रक्तदाब असे प्रश्न त्या मुलांनाच सुचतील.

ज्यांचा संशोधनाशी धंद्याचा संबंध नाही त्या वाचकांसाठीही एक विनंती आहे. कधीतरी दारात एखादी मितानिन, म्हणजे वस्तीतली आरोग्य कार्यकर्ती, किंवा पाहणी करणारी मुलगी वही घेऊन येईल. घरात डाळ कोणती शिजते, कोणाला खोकला आहे, पाणी कुठून भरता, असे विचारील; कदाचित बोटातून रक्ताचा थेंब मागेल. तिला बसायला सांगा, पाणी द्या, खरे सांगा. त्याआधी संमतीचा कागद मागा. तो तुमच्या भाषेत असला पाहिजे, आणि नाही म्हणण्याचा तुमचा हक्क त्यात लिहिलेला असला पाहिजे. परिषदेच्याच नैतिक मार्गदर्शक तत्त्वांनी तो तुम्हाला दिला आहे. आणि तिची वही मिटण्यापूर्वी एवढे जरूर विचारा: याचा निष्कर्ष आम्हाला कधी आणि कोण कळवणार?

पुरानी बस्ती, रायपूर